चळत

१

ठकू सातला झोपायची आणि सव्वासातला गुरू शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर यायचा. एक ग्रह आणि एक अकरा महिन्यांची पोर, दोघांनी आपापल्या वेळा इतक्या बेमालूम जुळवून घ्याव्यात याचं ठकूच्या आईला रोज नव्याने नवल वाटायचं. बाळंतपणापासून तिच्या बाजूने जमून आलेली ती एकच गोष्ट होती.

मागचं दार उघडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, दोरीवरची दुपटी बाजूला सारायची. गवताच्या तुकड्यावर पिंपासारखी बुटकी दुर्बीण उभी असायची. तिच्या शेपटाला कॅमेरा, कॅमेऱ्याला वायर, वायरीच्या टोकाला उपड्या बादलीवर ठेवलेला लॅपटॉप. आणि लॅपटॉपशेजारी एक तळहाताएवढा पडदा, ज्यात खोलीतली ठकू दिसायची. खाटेच्या गजांवर रोखलेला कॅमेरा नवऱ्याने भिंतीत पक्का ठोकून दिला होता. ती गुरूचे फोटो काढते असं सगळे म्हणायचे. खरं तर तिची अर्धीअधिक नजर त्या छोट्या पडद्यावरच असायची.

ग्रहाचा फोटो असा एका दमात निघत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. दुर्बिणीतून गुरू थरथरताना दिसतो, उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा. म्हणून त्याचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातली दोन हजार चित्रं सुटी करायची आणि प्रोग्रामला ती एकावर एक रचायला सांगायची. हवेची थरथर दर चित्रात वेगळी, म्हणून ती पुसली जाते. पट्टे आणि डाग दर चित्रात तेच, म्हणून ते उरतात. नवऱ्याने या रचण्याला ‘चळत’ असं नाव दिलं होतं, ताटल्यांची लावतात तशी.

"चळत म्हणजे एकावर एक रचलेलं," ती एकदा म्हणाली होती, "आणि चळत म्हणजे ढळत, सुटत चाललेलंसुद्धा. काय गंमत आहे बघ. अक्षरं तीच."

"तुला चळतीचा चळ लागलाय," तो म्हणाला.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. जे चुकलंय ते शोधणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि जे चुकलेलं नाही तेही शोधणं हा तिचा छंद, असं सासूबाई म्हणायच्या. त्यात तथ्य होतं. ठकू झोपल्यावर ती दर अर्ध्या तासाने खोलीत जायची, खाटेपाशी उभी राहायची, गजांमधून हात घालून पोरीच्या छातीवर ठेवायची. दुसऱ्याचा श्वास ऐकायचा तर आधी आपला थांबवावा लागतो. तो थांबवून, हातपाय थांबवून, ती खांबासारखी उभी राहायची.

"अगं, तिला येतो श्वास घेता," सासूबाई म्हणायच्या. "आमच्या वेळी मुलं आपापली घ्यायची."

सोमवारपासून तिची रजा संपत होती. आठ तास छापखाना, आठ तास ठकू त्या खोलीत आणि सासूबाईंच्या ताब्यात. सासूबाईंची तिला चिंता नव्हती. खोलीचीही नव्हती, बुधवारपर्यंत.

२

बुधवारी तिने चुकीची फाईल उचलली.

ठकूच्या झोपेचे व्हिडिओ ती लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड उत्तर देता आलं नसतं. म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही कॅमेरे फाईलला तारीख आणि वेळ हेच नाव द्यायचे. गुरू ७.४०चा, ठकू ७.०४ची. छापखान्यात आकड्यांची अशी उलटापालट तिने शंभरदा लाल शाईने पकडली असेल. इथे तिची तिलाच सापडली नाही.

प्रोग्राम तक्रार न करता कामाला लागला. त्याला काळोखात एखादी उजेडाची गोल वस्तू लागते. बिचाऱ्याने ठकूचा झोपायचा दिवाच गुरू समजून घट्ट धरला आणि त्याच्याभोवती आख्खी खोली रचली.

चूक लक्षात आली तेव्हा ती हसली, आणि मग हसता हसता बघत राहिली. रोज छोट्या पडद्यावर ही खोली मुंग्या आल्यासारखी दिसायची, करडी, वळवळती. आता मुंग्या गेल्या होत्या. खिडकीच्या पडद्याची चूण न् चूण, गजांवरचा उडालेला रंग, खुर्चीवर पडलेला ठकूचा एक पायमोजा, सगळं शांत आणि खोल, तळ्याच्या तळाशी ठेवल्यासारखं. ठकू मात्र नव्हती. म्हणजे होती, पण वाफेसारखी. झोपेतसुद्धा ती पोर इतकी लोळायची की चळतीत तिचा एक फिकट ढग उरला होता.

आणि कपाटाच्या आणि खाटेच्या मधल्या जागेत काहीतरी जास्तीचं होतं.

जास्तीचं, हाच शब्द तिच्या मनात आला. पानावर नजर फिरवताना एखादं अक्षर दोनदा पडलेलं आधी वाचता येत नाही, फक्त ओळ जड लागते, तसं. तिथे काळोख जरा दाट होता, उभा होता, आणि वरच्या बाजूने तो दोन्हीकडे उतरत होता. खांदे उतरतात तसा.

तिने मूळ व्हिडिओ उघडला. एकेक चित्र पाहिलं. त्या जागेत मुंग्या, फक्त मुंग्या. दोनशे चित्रांची चळत लावली. काही नाही, किंवा असावं असं वाटण्याइतकं काहीतरी. हजारांची लावली. खांदे. दोन हजारांची. खांदे, आणि त्यांच्यावर किंचित पुढे झुकलेलं डोकं.

त्या व्हिडिओत दहा हजार चित्रं होती. प्रोग्राम ती सगळी घ्यायला तयार होता. तिने लॅपटॉप मिटला आणि खोलीकडे पळाली.

ठकू पालथी झोपली होती, ढुंगण वर करून. कपाट आणि खाट यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभं राहील एवढीच जागा होती. तिथे कुणी नव्हतं. ती तिथे उभी राहिली, हात आत घातला, श्वास धरला. वर, खाली. वर, खाली.

३

"तूच आहेस ती," नवरा म्हणाला.

तो लिफ्टा दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस घेऊन तो ओट्याशी उभा राहून पाणी पीत होता आणि लॅपटॉपकडे एक डोळा बारीक करून बघत होता.

"दिवसाला तीन फोन येतात मला, लिफ्टमध्ये कुणीतरी आहे म्हणून. मजला न दाबता थांबते, दार आपोआप उघडतं. दर वेळी काय निघतं? सेन्सरवर धूळ. आता बघ, ही कपाटाजवळची जागा, इथे रोज कोण उभं राहतं, खांबासारखं? कोण हलत नाही? जे हलत नाही ते चळतीत उरतं, हे तूच मला शिकवलंस."

"मी त्या वेळात एकदाच गेले होते. तीन मिनिटं."

"तेवढी बास झाली."

"डोकं कपाटाच्या वरच्या बिजागरीपर्यंत गेलंय. माझं कडीपर्यंत येतं."

"अगं, त्या कॅमेऱ्याचं भिंग अडीच आण्याचं आहे. कडेला सगळं ताणतं ते." मग तो ग्लास खाली ठेवून जरा हळू म्हणाला, "आणि तू झोपत नाहीस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की झोप नसली की मन कोपऱ्यांत माणसं उभी करतं. पण मनाने उभी केलेली माणसं प्रोग्रामला कशी दिसतील, हे विचारायला त्या तिथे नव्हत्या.

तरी तिला ते पटत चाललं. स्वतःलाच घाबरून पळत सुटणं हे तिला अगदी शोभणारं होतं. लग्नाआधी एकदा दुकानाच्या आरशात स्वतःला पाहून तिने "माफ करा हं" म्हणत वाट दिली होती. ती गोष्ट नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

"मग एक करू," ती म्हणाली. "उद्या मी खोलीत जातच नाही. आख्खी झोप. मी नसले तर ते पण नसेल."

"वा!" तो म्हणाला. "हे कळल्यावर सोमवारी जाशील ना निवांत?"

"जाईन."

४

गुरुवारी दुपारी ठकू दोनला झोपली. पडदे ओढले, दिवा लावला, दार लोटून घेतलं. आणि जायचं नाही म्हणजे नाही, म्हणून ती परसात जाऊन बसली आणि दुर्बिणीत शुक्र लावला.

भर दुपारी शुक्र दिसतो यावर सासूबाईंचा विश्वास नव्हता. कुठे बघायचं ते नेमकं ठाऊक असेल तर दिसतो. निळ्या आकाशात एक पांढरी कोर, नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढी, हवेच्या लाटांवर हलत असलेली. तो तिथे सकाळपासून असतो, सगळ्यांच्या डोक्यावर. कुणी नेमकं त्या जागी बघत नाही, एवढंच.

सासूबाई पायरीवर बसून उशीच्या अभ्र्याला गुंड्या लावत होत्या. ऊन गवतात मुरत होतं. कुठेतरी नळ ठिबकत होता, त्याचा आवाज इतक्या सावकाश येत होता की दोन थेंबांच्या मध्ये ती काय विचार करत होती ते विसरायची. मांडीवरच्या पडद्यात ठकू, आणि मुंग्या.

"जा बघून ये," सासूबाई दोरा तोडत म्हणाल्या. "तुझा जीव तिथे टांगलेला दिसतोय मला इथून."

"नको, आई. आज जायचंच नाही असं ठरलंय."

"ठरलंय! तुम्ही नवराबायको ठरवता आणि मग जागरणं करता."

चाळीस मिनिटं. ती एकदाही उठली नाही. अकरा महिन्यांत इतका वेळ पोरीच्या छातीवर हात न ठेवता ती पहिल्यांदाच राहिली, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

मग तिने चळत लावली.

ते होतं. कपाटापाशी नाही. खाटेच्या जवळ, गजांना लागून, जास्त वाकलेलं. आणि ठकूचा ढग आज तितका ढग राहिला नव्हता. त्याला कडा आल्या होत्या. एक कान ओळखू येत होता.

नवऱ्याने संध्याकाळी खूप वेळ पाहिलं. या वेळी तो धूळ म्हणाला नाही. खिडकीच्या पडद्यावर पडलेली झाडाची सावली म्हणाला, मग स्वतःच उठून खिडकीबाहेर झाड शोधून आला. झाड नव्हतं.

"आमच्याकडे लिफ्टचा वजनकाटा चुकतोय असं वाटलं ना," तो शेवटी म्हणाला, "की आम्ही आत माहितीचं वजन ठेवतो. पन्नास किलो म्हणजे पन्नास किलो. मग काटा काय दाखवतो ते बघतो. रविवारी मी घरी आहे, तू बस तिथे. खुर्चीत, चाळीस मिनिटं, न हलता. तू कशी येतेस ते दिसेल. मग तो डाग किती उंच, किती लांब, खरा की भिंगाचा, सगळं मोजता येईल."

तिला ते आवडलं. तपासायला मूळ प्रत हवीच असते. आपण ती मूळ प्रत होऊ.

५

रविवारी दुपारी ती खुर्चीत बसली. पायमोजा अजून तिथेच होता. तो उचलायचं तिच्या मनात आलं, पण ठकू नुकतीच डोळे मिटत होती. ती त्याच्यावरच बसली. उजवा हात गजांमधून आत, पोरीच्या छातीवर. नवऱ्याने दारातून अंगठा दाखवला आणि दार लोटलं.

न हलणं सोपं नसतं. पहिली दहा मिनिटं नाक खाजतं. मग मान. मग काहीच नाही.

दिवा अगदी बारीक गुणगुणत होता, हे तिला इतक्या महिन्यांत कधी कळलं नव्हतं. कपाटाचं लाकूड मधूनच टक् करायचं. भिंतीतल्या नळातून पाणी वर चढलं आणि कुठेतरी जाऊन थांबलं. बाहेर सासूबाई कुणाशीतरी बोलत होत्या, शब्द नाहीत, नुसता चढउतार. हाताखाली छाती वर होत होती, खाली होत होती, वर, खाली, आणि तिला वाटायला लागलं की आपण एका होडीत आहोत आणि हात पाण्याला लावून बसलो आहोत. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर हलली असती.

केव्हातरी हाताला मुंग्या आल्या. बोटांपासून मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. हात तिचा राहिला नाही. त्याच्यावर जडपणा आला, वरून कुणी आपला हात ठेवावा तसा. बधिर हात जडच लागतो, असं तिने स्वतःला समजावलं. बधिर हात थंडही लागतो का, ते तिला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याने दार उघडलं तेव्हा ठकू झोपलेलीच होती. तिने हात काढून घेतला, चोळत चोळत चवड्यांवर बाहेर आली.

६

सासूबाई पायरीवर छोटा पडदा घेऊन बसल्या होत्या. "आज काय गाढ झोपलीय गं पोर," त्या कौतुकाने म्हणाल्या. "मी मघापासून बघतेय. एकदा म्हणून हलली नाही."

प्रोग्रामची हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. नवरा तिच्या मागे वाकून उभा होता. "या वेळी सगळी घे," तो म्हणाला. "हात आखडू नकोस." दहा हजार चित्रं. पट्टी टोकाला गेली.

चळतीत खुर्ची रिकामी होती.

खुर्चीच्या बैठकीवर ठकूचा पायमोजा होता. त्याच्या काठाची वीण मोजता येईल इतका स्वच्छ.

"थांब," नवरा म्हणाला आणि त्याने मूळ व्हिडिओ उघडला. पहिलं चित्र: खुर्चीत ती. हजारावं चित्र: खुर्चीत ती, हात गजांमधून आत. पाच हजारावं, नऊ हजारावं. मुंग्यांत बसलेली, ताठ, शहाण्या विद्यार्थिनीसारखी. दर चित्रात ती होती.

"तू हलली असशील," तो म्हणाला.

"मी हलले नाही."

"थोडी. श्वास घेतलास ना? त्याने सुद्धा..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. कारण खाटेपाशी ते होतं आणि ते हललं नव्हतं. आता त्याला हात होता. लांब, कोपरात वाकलेला, गजांमधून आत गेलेला, आणि बरोबर तिने हात ठेवला होता तिथे, ठकूच्या छातीवर, टेकलेला.

डोकं वाकलेलं होतं. ऐकायला वाकावं तसं. तोंडाच्या जागी उजेड होता की चेहरा, हे तिने पाहिलं नाही, कारण तिची नजर त्या हाताखाली गेली.

ठकू ढग नव्हती. ठकू ठकू होती. पापण्या, ओठांवरचा ओलसर ठिपका, झबल्याच्या तिन्ही गुंड्या, गुंड्यांतले दोरे. गजांइतकी, कपाटाइतकी, खुर्चीइतकी स्वच्छ.

"अरे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आला. "मी श्वास घेतला म्हणून मी पुसले गेले."

"हो, तेच मी..."

"मग तिची छाती?"

नवऱ्याने चित्र मोठं केलं. हाताखाली वर होणारी, खाली होणारी छाती. चाळीस मिनिटं तिने ती तळव्याला जाणवून मोजली होती. चळतीत तिथे वाफ यायला हवी होती.

"झोपू दे गं तिला अजून," सासूबाई मागून म्हणाल्या, कारण ती तिन्ही पायऱ्या एका ढांगेत चढून गेली होती.

७

ठकू गरम होती. तिने तिला दोन्ही हातांनी उपसून काढलं, छातीशी घेतलं, हलवलं. "हल, बाळा. हल, हल, हल." पोरीने डोळे उघडले, खालचा ओठ बाहेर काढला आणि असं काही भोकाड पसरलं की बाहेर सासूबाईंनी "अगं झोपलेल्या पोरीला उठवलंस का!" म्हणून आरडाओरडा केला. इतकं गोड रडणं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. लाथा बसल्या, गुच्चे बसले, एक नख हनुवटीला लागलं. ती हसत होती आणि रडत होती आणि डोलत होती, या पायावरून त्या पायावर.

उद्या छापखान्यात जायचं नाही. आज रात्री सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत झोपायचं. मग ही खाट मोडून टाकायची. डोलता डोलता ती सगळं ठरवत गेली. थांबायचं नाही, एवढंच. पोरीला हलतं ठेवायचं, आपण हलत राहायचं. त्याच्यापाशी हलणं तेवढं नाही.

रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचे सुस्कारे. ठकूचं डोकं खांद्यावर जड झालं. मूठ सुटली आणि बोटं तिच्या मानेवर उघडी पडून राहिली. सासूबाईंचा आवाज थांबला होता. कपाट टक् झालं.

झोपली असेल. दुसरं काय. अर्धवट झोपेतून उठवलेली पोर, झोपणारच.

पण श्वास लागत नव्हता. डोलण्यात तो कळत नव्हता, तिच्याच कपड्यांची सळसळ मध्ये येत होती. एक क्षणभर, तिने स्वतःला सांगितलं, फक्त खात्री करण्यापुरतं. तिने पाय थांबवले. सळसळ थांबली. दिव्याची गुणगुण उरली. तिने मान वाकवून कान पोरीच्या तोंडाशी नेला आणि अकरा महिन्यांच्या सवयीने आपला श्वास धरला.

आला. बारीक, ओला, लांबून आल्यासारखा. मग पुढचा येईना. मग आला असं वाटलं. ती आणखी वाकली, आणखी स्थिर झाली.

तिच्या पाठीला कपाटाचं दार लागत होतं आणि गुडघ्यांना खाटेचे गज. बाहेर कुणीतरी तिला हाक मारत होतं. आपण इथे किती वेळ अशा उभ्या आहोत, हे तिला आठवेना.